सभाधीटपणा आणि पाठांतर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस कांदिवलीच्या पश्चिमेस, चारकोपच्या बाजूला एका सभागृहात भरलेल्या आंतरशालेय वक्तृत्वस्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा योग आम्हांस आला. एकूण एकतीस मुले बोलली. दुपारी दोनला सुरू झालेला कार्यक्रम साडेपाचापर्यंत चालला आणि त्या साडेतीन तासांत ‘सन्माननीय व्यासपीठ’ हे दोन शब्द आम्ही एकतीस वेळा ऐकले. निर्जीव लाकडी फळ्यांस इतका मान देणारी भाषा जगात दुसरी असेल असे वाटत नाही. विषय नेहमीचेच होते: स्वप्नातील भारत, भ्रमणध्वनी शाप की वरदान, पाणी वाचवा, मराठीचे भवितव्य. मुले नीटनेटकी होती, शिक्षिकांनी मेहनत घेतलेली दिसत होती, आणि आईबाप मागच्या रांगांतून आपापले दूरध्वनी उंच धरून आपल्या लेकरांची छबी टिपत होते. तक्रार करावी असे वरकरणी काहीही नव्हते.

एकविसाव्या किंवा बाविसाव्या क्रमांकावर सातवीतील एक मुलगी आली. विषय पाण्याचा. पहिले दोन परिच्छेद तिने घडघडा म्हटले. पृथ्वीवरील पाण्याचे प्रमाण, गोड्या पाण्याचा अंश, पुढचे महायुद्ध पाण्यावरून होईल ही भविष्यवाणी, सारे यथाक्रम आले. तिसऱ्या परिच्छेदाच्या तोंडाशी तिचा धागा तुटला. तिने डोळे वर नेले, मग जमिनीकडे नेले, ओठ हलले, शब्द येईना. सभागृहात अर्धा मिनिट शांतता होती. उभ्या असलेल्या माणसाला अर्धा मिनिट किती मोठे असते हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळेल. आणि मग ती मुलगी एकाएकी निराळ्याच आवाजात बोलू लागली. तिने सांगितले की आमच्याकडे पाणी पहाटे येते, आजी अंधारात उठते, नळातून आधी नुसती हवा येते आणि तिचा फुसफुस आवाज होतो, त्या आवाजाने आजीला जाग येते. गजर लावावा लागत नाही. आजी आजारी पडली त्या आठवड्यात कोणालाच तो आवाज ऐकू आला नाही आणि दोन दिवस पिंप कोरडे राहिले. एवढे बोलून ती ‘धन्यवाद’ न म्हणताच खाली उतरली.

आमच्यापुढील गुणपत्रिकेत ‘खंड न पडता सादरीकरण’ या सदरास दहा गुण होते. आम्ही तीस दोन दिले. ‘हावभाव’ या सदरास शून्य दिले, कारण आजीविषयी बोलताना तिचे हात खालीच होते. पहिले पारितोषिक एका मुलास मिळाले. ‘गगन’ या शब्दाशी उजवा हात वर आणि ‘पाताळ’ या शब्दाशी डावा हात खाली नेण्याचे त्याचे कौशल्य निर्दोष होते. तिघा परीक्षकांत मतभेद झाला नाही. आम्हीही सही केली. परतताना कांदिवली स्थानकाच्या पुलावर गर्दीत अडकलो असता आमच्या ध्यानात आले की त्या दुपारच्या एकतीस भाषणांपैकी आम्हांस आठवत होते ते एकच, आणि त्याला आम्ही शेवटून तिसरे ठरवले होते. हा लेख त्या सहीचे प्रायश्चित्त म्हणून लिहिला आहे असे कोणी म्हटल्यास आम्ही नाकारणार नाही.

मुलांच्या स्पर्धेचे एवढे काय, असा प्रश्न कोणी विचारील. म्हणून त्याच उपनगरातील एक दुसरा प्रसंग सांगतो. आमचे एक स्नेही, निवृत्त लेखनिक, कांदिवलीच्या पूर्वेस एका जुन्या गृहनिर्माण संस्थेत राहतात. त्यांच्या इमारतीचा पुनर्विकास ठरत होता. अशा कामासाठी संस्थेची विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, तिचे चित्रमुद्रण करावे लागते आणि ४ जुलै २०१९ च्या शासननिर्णयानंतर निम्म्याहून थोड्या अधिक सभासदांची संमती त्यास पुरते. म्हणजे त्या एका सभेत जो बोलला तो बोलला. आमच्या स्नेह्यांनी कराराचा मसुदा चार रात्री जागून वाचला होता. बँकेची हमी किती, ती कोणत्या टप्प्यापर्यंत, भाडे थकल्यास दाद कोणाकडे मागायची, हे तीन प्रश्न त्यांनी कागदावर मांडले होते. सभेत ते उठले, ‘मला एवढेच विचारायचे आहे की’ इतके म्हणाले, समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा पाहिला, मागून कोणीतरी ‘काका, लवकर आटपा’ म्हणाले, आणि ते ‘नाही, ठीक आहे’ असे म्हणून खाली बसले. ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्यात उभे राहून आम्हांस तेच तीन प्रश्न असे काही उलगडून सांगितले की आमच्यासारख्या व्यवहारशून्य माणसासही हमीपत्र म्हणजे काय ते प्रथमच कळले. आमचे स्नेही शाळेत असताना वक्तृत्वात बक्षिसे मिळवीत असत, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

ज्याला जिन्यात बोलता येते त्याला सभेत का बोलता येऊ नये? आवाज तोच, जीभ तीच, विषयाचे ज्ञानही तेच. मधल्या पंधरा पायऱ्यांत असे काय हरवते? आमच्या मते वक्तृत्वाच्या साऱ्या शास्त्राने उत्तर द्यावयाचे ते या प्रश्नाचे, आणि आपल्याकडे वक्तृत्व म्हणून जे शिकवले जाते ते नेमका हाच प्रश्न सोडून बाकी सर्व शिकवते.

उपनगरांत हल्ली व्यक्तिमत्त्वविकासाचे वर्ग गल्लोगल्ली निघाले आहेत. त्यांची कुलपरंपरा अमेरिकेतील आहे. डेल कार्नेगी यांनी १९१२ साली न्यूयॉर्कच्या वाय. एम. सी. ए. मध्ये संध्याकाळचे वर्ग घेण्यास आरंभ केला, आणि कॅलिफोर्नियातील सांता आना येथे १९२४ च्या ऑक्टोबरात राल्फ स्मेडली यांनी ‘टोस्टमास्टर्स’ नावाचे मंडळ सुरू केले. त्याच्या शाखा आज मुंबईतही आहेत. या मूळ पुरुषांविषयी आम्हांस आदर आहे. कार्नेगींचा मुख्य आग्रह असा की विद्यार्थ्याने स्वतःच्या आयुष्यात जे भोगले त्यावरच प्रथम बोलावे, आणि शब्द पाठ करू नयेत. परंतु समुद्र ओलांडून येताना हा आग्रह बुडाला आणि वर तरंगत राहिली ती ठेवण, नजर, हस्तांदोलन आणि स्मित. आरशासमोर उभे राहून ‘मी आत्मविश्वासू आहे’ असे रोज दहा वेळा म्हणावे, असा उपदेश एका पत्रकात आम्ही वाचला. आरशात श्रोता एकच असतो आणि तो आपल्यावर आधीच प्रसन्न असतो. त्याच्यापुढे भीती मोडल्याने सभेतील भीती कशी मोडावी हे आम्हांस उमगत नाही.

तथापि सर्व दोष परक्यांच्या माथी मारणे बरे नव्हे. आपल्या एका संस्कृत सुभाषिताने शंभरांत एक शूर, हजारांत एक पंडित आणि दहा हजारांत एक वक्ता अशी जी जनगणना करून ठेवली आहे, तिने आमच्या समाजाची फार हानी केली आहे. हे सुभाषित पारितोषिक समारंभांत हटकून म्हटले जाते आणि ऐकणाऱ्या नऊ हजार नऊशे नव्याण्णवांस, तुम्ही गप्प बसणेच सृष्टिनियमास धरून आहे, असे सुचवून जाते. वक्ता हा जन्मावा लागतो ही समजूत ज्यांच्या चरित्रांनी खोटी पाडली, त्यांची चरित्रे आम्ही शाळेत शिकवतो आणि नेमका तेवढाच भाग गाळतो.

गांधीजींचेच पाहा. १८९१ साली विलायत सोडताना त्यांनी आपल्या शाकाहारी मित्रांस लंडनच्या एका उपाहारगृहात जेवण दिले. आभाराच्या भाषणाची सुरुवात विनोदाने करावी म्हणून त्यांनी ॲडिसनविषयीची एक गमतीची गोष्ट घोकून ठेवली होती. उभे राहिल्यावर ती गोष्ट साफ विसरली आणि पाहुण्यांचे आभार मानून ते खाली बसले. पुढे मुंबईस आल्यावर लघुवाद न्यायालयात मामीबाई नावाच्या पक्षकाराचा पहिलाच खटला त्यांच्याकडे आला. फी तीस रुपये. उलटतपासणीस उठले, डोके गरगरले, एकही प्रश्न सुचेना. वकीलपत्र पटेल नावाच्या वकिलाकडे सोपवून त्यांनी न्यायालय सोडले. हे सर्व त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच्या हाताने लिहिले आहे. त्यात विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की लंडनच्या जेवणात जे फसले ते उसने होते. दुसऱ्याचा विनोद आपल्या तोंडात बसवण्याचा तो यत्न होता. ज्याच्या मनात सांगण्यासारखे काहीच नाही तो बोलताना सहसा अडखळत नाही, हेही आम्ही पुष्कळ सभांतून पाहिले आहे.

येथे कोणी असे म्हणेल की तुम्ही पाठांतराचे वैरी दिसता. तसे नाही. पाठांतराच्या बाजूने उभा राहणारा साक्षीदार असा जबरदस्त आहे की त्याच्यापुढे आमचा खटला जपून चालवावा लागतो. तो साक्षीदार म्हणजे नामदार गोखले. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास वरिष्ठ कायदे कौन्सिलात गोखल्यांनी अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. सरकारच्या तिजोरीत शिल्लक होती आणि त्याबद्दल सरकारची पाठ थोपटण्याचा तो दिवस होता. गोखले उठले आणि त्यांनी दाखवून दिले की दुष्काळाने पिचलेल्या देशात तिजोरी भरलेली असणे हा भरभराटीचा पुरावा नसून कर गरजेपेक्षा जड असल्याचा पुरावा आहे. मिठावरील कर कमी करा. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, तो कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. हे भाषण गोखल्यांनी उत्स्फूर्त केले नव्हते. आकडे अनेक महिने जुळवले होते. सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी हे आकडेशास्त्री त्यांच्या पाठीशी होते, आणि त्यांच्या मागे न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी उपसलेल्या कष्टांची वर्षे होती. गोखल्यांस वाक्येच्या वाक्ये पाठ असत. पण ती त्यांनी स्वतः रचलेली, खोडलेली, पुन्हा रचलेली वाक्ये होती. चारकोपच्या त्या मुलीस जे पाठ होते ते तिच्या शिक्षिकेने लिहिले होते, आणि शिक्षिकेने ते बहुधा दुसऱ्या कोठून उतरवून घेतले होते. तीन माणसांच्या हातून गेलेल्या कागदावर तिने एकटीने उभे राहायचे. कागद फाटला यात तिचा काय दोष?

गोखल्यांच्या शेजारी टिळकांस उभे केले म्हणजे स्पष्टता कशास म्हणतात ते कळते. टिळकांचा आवाज गोड नव्हता, वाक्यांस नक्षी नव्हती. अलंकारिक वक्तृत्वात शिवरामपंत परांजपे त्यांच्यापेक्षा कितीतरी सरस, हे त्या काळच्या टिळकभक्तांसही मान्य होते. तरी १९१६ साली १ मे रोजी बेळगावास आणि त्याच महिन्याच्या शेवटी अहमदनगरास त्यांनी स्वराज्यावर जी व्याख्याने दिली, ती सरकारला एवढी झोंबली की त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीबद्दल वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि शिवाय जामीन मागण्यात आले. टिळकांतर्फे बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. भाषणे तुकड्यातुकड्यांनी नव्हे तर समग्र वाचली पाहिजेत, असे न्यायमूर्तींचे मत पडले. ही व्याख्याने आज वाचणाऱ्यास त्यांत आवेश शोधून सापडत नाही. सापडते ती उकल. बादशहा आणि नोकरशाही यांतील भेद कायद्याच्या भाषेत सांगायचा तर श्रोत्यांतील शेतकरी आणि वाणी पाच मिनिटांत झोपी जाते. टिळक देव आणि पुजारी घेतात. देवाबद्दल वाद नाही. पुजारी नीट पूजा करीत नसेल तर तो बदला, एवढेच मागणे आहे. ज्याने आयुष्यात एकदाही कायद्याचे पुस्तक उघडले नाही त्याला राज्यघटनेचा एक कूट प्रश्न एका दृष्टान्तात कळला, आणि सरकारी लघुलेखकाने तो लिहून घेतला तरी त्यात राजद्रोह सापडेना. स्पष्टतेचा याहून मोठा विजय आम्हांस ठाऊक नाही. येथे आणखी एक गोष्ट सुचते. दृष्टान्त टिळकांनी शोभेसाठी वापरला नाही. त्याच्यावाचून मुद्दा पुढे सरकत नव्हता. दृष्टान्त काढून टाकला तर भाषण उभे राहते की पडते, हीच त्याची परीक्षा. हल्लीच्या पारितोषिकप्राप्त भाषणांतील कवितेच्या ओळी काढून पाहाव्या: काही म्हणता काही पडत नाही.

आता, शब्द पाठ करू नयेत तर काय पाठ करावे? याचे उत्तर आपल्याच घरात आहे आणि ते आपण देवळात ठेवून विसरलो आहोत. नारदीय कीर्तनकाराकडे पाहावे. त्याचे कीर्तन दोन तास चालते, हातात कागद नसतो, आणि एकच आख्यान तो पंचवीस गावांत पंचवीस प्रकारे रंगवतो. त्याला पाठ असतो तो क्रम. आधी नमन, मग मूळ पद, त्यावर निरूपण करणारा पूर्वरंग, मध्ये नामघोष, बुक्का आणि हार, नंतर उत्तररंगात आख्यान, आणि शेवटी जेथून निघालो त्या मूळ पदाशी परत. पदे आणि श्लोक तेवढे शब्दशः पाठ. ती त्याची खुंटी. खुंट्यांच्या मधली दोरी तो समोरचे श्रोते पाहून सैल सोडतो वा ताणतो. कीर्तनकार विसरला तर एक वाक्य विसरतो, वाट विसरत नाही, आणि झांज-चिपळ्यांच्या दोन ठोक्यांत पुढच्या खुंटीस जाऊन पोचतो. शब्द पाठ करणाऱ्याची गत मण्यांच्या माळेसारखी होते. एक मणी निसटला की सारे मणी जमिनीवर. आमच्या शाळांनी इंग्रजी वादविवादसभेचे अनुकरण केले ते ठीकच, परंतु निरूपणाची ही पद्धती अंगणात असताना तिच्याकडे पाहिलेही नाही, ही गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षांच्या आमच्या शिक्षणपद्धतीस शोभत नाही.

भीतीचा एक प्रकार मात्र असा आहे की त्यावर क्रमाने, तयारीने किंवा स्वानुभवाने पुरते औषध होत नाही, कारण ती भीती मनातली नसून समोर बसलेली असते. रमाबाई रानडे यांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांस हे निराळे सांगावयास नको. लग्न होऊन सासरी आल्यावर ज्या मुलीस अक्षरओळख झाली, तिने पुढे पुण्यात मुलींच्या हायस्कूलसाठी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर इंग्रजीतून वाचन केले. इंग्रजीचे उच्चार, परक्या पुरुषांची सभा, सारे तिने निभावले. जड गेले ते घरी आल्यावर. घरातील वडीलधाऱ्या बायकांनी तिला जे ऐकवले त्यापुढे गव्हर्नरसाहेबांची सभा सोपी होती. आज असे कोणी ऐकवीत नाही, असे आम्ही समजतो. पण त्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत ‘काका, लवकर आटपा’ म्हणणारा आवाज कोणत्या जातीचा होता? आणि चारकोपच्या स्पर्धेत एका गावठाणातील मुलाने ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटले तेव्हा पहिल्या रांगेत जी खसखस पिकली ती? त्या मुलाचे पुढचे दोन मिनिटांचे भाषण म्हणजे प्रत्येक ‘ण’च्या आधी घेतलेला एक श्वास होता. मुद्द्याकडे त्याचे लक्ष उरले नाही, आमचेही नाही. उच्चारास आमच्या पत्रिकेत पंधरा गुण होते, आशयासही पंधराच. शुद्ध उच्चार शिकवू नये असे आमचे म्हणणे नाही. शिकवण्याची जागा वर्ग आहे, हसण्याची जागा सभा नव्हे, इतकेच. कोणत्याही सभेतील भित्र्या वक्त्यांची संख्या मोजण्यापूर्वी त्या सभेतील हसणाऱ्यांची मोजावी.

विरुद्ध बाजूस बसलेल्या सभेपुढे, तयारीवाचून, एखादा मनुष्य कसा उभा राहतो याचे आमच्या डोळ्यांसमोर येणारे सर्वांत मोठे उदाहरण १७ डिसेंबर १९४६ चे आहे. दिल्लीत संविधानसभा भरली होती. पंडित नेहरूंनी १३ तारखेस मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. मुस्लिम लीगचे सभासद आलेच नव्हते. लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत ठराव पुढे ढकलावा अशी दुरुस्ती बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी आदल्या दिवशी सुचवली होती आणि बहुमताच्या बाकांवरून त्यांच्या भाषणात वरचेवर अडथळे आले होते. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी अचानक डॉक्टर आंबेडकरांचे नाव पुकारले. बाबासाहेब उठले आणि त्यांनी प्रथम सांगितले ते हे की मला आश्चर्य वाटत आहे. माझ्यापूर्वी वीसबावीस वक्ते असल्याने माझी पाळी उद्या येईल असे मी धरून चाललो होतो, आणि तयारी करून येणे मला अधिक आवडले असते.

आमच्या स्पर्धेत हे वाक्य कोणी उच्चारले असते तर आम्ही पाच गुण कापले असते. पुढे पाहावे. त्यांनी ठरावाचे दोन भाग पाडले. पाचवे ते सातवे कलम निर्विवाद, पहिली चार कलमे वादग्रस्त. निर्विवाद भागाविषयी प्रथम बोलून, समाजवादी म्हणून ख्याती असलेल्या नेहरूंकडून मला याहून अधिकाची अपेक्षा होती, हक्क सांगितले पण ते मोडले गेल्यास उपाय सांगितला नाही, अशी परखड टीका केली. आज देश छावण्यांत विभागला आहे हे कबूल करून, काळ आणि परिस्थिती अनुकूल झाल्यास हा देश एक होण्यापासून जगातील कोणतीही शक्ती त्यास रोखू शकणार नाही, असा विश्वास त्यांनी प्रकट केला. तेथे टाळ्यांची नोंद आहे. मग मुख्य मुद्दा. हा ठराव करण्याचा अधिकार सभेस आहे काय, हा प्रश्न त्यांनी बाजूस ठेवला. अधिकार असेल, तो आज वापरणे शहाणपणाचे आहे काय? अधिकार वेगळा आणि शहाणपण वेगळे. पुढील मार्ग तीनच: एका पक्षाची शरणागती, वाटाघाटीने तह, किंवा उघड युद्ध. युद्धाच्या मार्गाने काय होते ते सांगण्यास त्यांनी बर्कचे अमेरिकेविषयीचे विचार पुढे केले.

या भाषणात पाठ केलेले काय होते? बर्क तेवढा, आणि तो आयुष्यभराच्या वाचनातून आला होता. बाकी सर्व उभ्या उभ्या रचलेले. पण रचना पाहिली म्हणजे वाटते की वास्तुविशारदाने महिनाभर आराखडा आखला असावा. आधी जे मान्य ते, मग जे अमान्य ते. अमान्याच्या पोटी आधी हक्काचा प्रश्न काढून टाकणे, मग शहाणपणाचा उभा करणे. शहाणपणाच्या पोटी तीन वाटा आणि त्यांपैकी दोन बंद करणे. ही सवय न्यायालयात, महाडच्या आणि नाशिकच्या लढ्यांत, गोलमेज परिषदेत आणि रात्ररात्र चाललेल्या अभ्यासात बनलेली होती. ज्याच्या मनात विचारांस आपापल्या जागी बसण्याची सवय लागली आहे, त्याला अवेळी उठवले तरी तो अंधारात आपल्या वस्तू शोधून काढतो. त्या सभेने पुढे ठरावाची चर्चा त्याच अधिवेशनात न संपवता जानेवारीपर्यंत लांबवली आणि २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव मंजूर झाला. एका भाषणाने हे घडले असे आम्ही म्हणत नाही. विरोधी मताच्या सभागृहाने ते भाषण ऐकून घेतले, हेच आमच्या विषयापुरते पुरे.

आणि त्यात त्या सभागृहाचेही श्रेय आहे. आदल्या दिवशी ज्यांनी जयकरांस अडवले त्यांनीच दुसऱ्या दिवशी आंबेडकरांस ऐकले. ‘तयारी नाही’ या कबुलीचा यात काही वाटा असावा, असा आमचा तर्क आहे. जो आपली अडचण लपवीत नाही त्याच्यावर टपून बसण्यात श्रोत्यांस गोडी राहत नाही. आमचे स्नेही सभेत उठल्यावर ‘मला सभेत बोलण्याची सवय नाही, तीन प्रश्न लिहून आणले आहेत, ते वाचतो’ असे म्हणाले असते तर? कागद पाहून वाचणे ही लाज आहे असे त्यांस शाळेत शिकवले गेले होते. त्यांनीच आम्हांस हे सांगितले. खिशातला कागद त्यांनी सभाभर मुठीत धरून ठेवला होता.

या कागदाची लाज कोठून आली याचा शोध घेतला पाहिजे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यास सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजवर चालू आहे आणि ती चालवणाऱ्या संस्थेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे. उपनगरांतही पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघासारख्या १९२३ पासूनच्या संस्थांनी व्याख्यानांची आवड जोपासली. या जागी विद्वान लोक हातात टिपणे घेऊन बोलले आणि श्रोत्यांनी त्यांस कमी लेखले नाही. परंतु शाळेच्या स्पर्धेने मात्र टिपण हा गुन्हा ठरवला. कारण तेथे विचार ऐकायचा नसून स्मरणशक्तीची कसरत पाहायची असते. कसरतीत दोर हातात धरून चालणाऱ्यास कोण टाळ्या देणार?

आम्ही शिक्षकांस दोष देत नाही. तेहतीस वर्षे आम्हीही हेच केले. महाविद्यालयाच्या चषकासाठी विद्यार्थ्यांस भाषणे लिहून दिली, हात कोठे उचलायचा याच्या खुणा समासात केल्या. त्यांपैकी एक विद्यार्थी आज मोठ्या हुद्द्यावर आहे आणि भेटला की आम्ही लिहिलेले ते भाषण अजून म्हणून दाखवतो. त्यावर काय बोलावे ते आम्हांस सुचत नाही.

गेल्या आठवड्यात त्या स्पर्धेच्या चिटणीसबाईंचा निरोप आला; यंदाही परीक्षक म्हणून यावे. आम्ही तीन सूचना कळवल्या. विषय एक तास आधी द्यावा आणि तो मुलाच्या घरातला, गल्लीतला किंवा शाळेच्या वाटेवरचा असावा. मुद्द्यांचे टिपण हातात ठेवण्यास मुभा असावी. आणि हावभावाचे गुण काढून ते, श्रोत्यांनी विचारलेल्या एका प्रश्नाच्या उत्तरास द्यावेत. बाईंनी फार अगत्याने उत्तर पाठवले. सूचना त्यांस पटल्या. प्रश्नोत्तराची तर विशेष आवडली. परंतु पालक विचारतात की मग तयारी कसली करून घ्यायची, म्हणून यंदा विषय पूर्वीप्रमाणे महिनाभर आधी जाहीर झाले आहेत. टिपणाची मुभा मात्र त्यांनी पाचवी ते सातवीच्या गटापुरती दिली आहे. आम्ही जाणार आहोत. ती मुलगी आता आठवीत गेली असेल. तिचा गट निराळा.